सहीखालची नोंद

"नाना, ही कार्डं नाहीतरी रद्दीलाच जायचीत. मागची बाजू कोरी आहे. यांवरच लिहू द्या लोकांना."

प्रज्ञाने पुस्तकसूचीचा एक अख्खा खण माझ्यासमोर टेबलावर उपडा केला. प्रज्ञा शेवाळे म्हणजे आमच्या निंबूरच्या वाचनालयाची नवी ग्रंथपाल. नवी म्हणजे माझ्या निवृत्तीनंतर आलेली. आल्या आल्या तिने सगळी सूची संगणकावर चढवली आणि लाकडी खणांतली हजारो कार्डं एका दिवसात निरुपयोगी झाली.

ही २०१२ सालच्या जानेवारीतली गोष्ट. रविवार होता. संध्याकाळी पाचला वाचनालयाच्या सभागृहात एक माहितीपट दाखवायचा होता. तो आमच्याच गावातल्या तीन मुलांवर होता. सतरा-सतरा वर्षांच्या त्या मुलांना लाकडाची वखार जाळल्याच्या आणि त्यात वखारीचा राखणदार मेल्याच्या गुन्ह्याखाली जन्मठेप झाली होती. दहा वर्षांनी उच्च न्यायालयाने त्यांना सोडलं होतं.

आमच्या वाचनालयाची एक जुनी पद्धत होती. व्याख्यान असो की नाटुकलं, ते संपल्यावर श्रोत्यांना कागदाचे तुकडे वाटायचे. ज्याने त्याने आपलं मत लिहायचं, नाव घालायचं नाही, आणि मग ती मतं मी व्यासपीठावरून वाचून दाखवायची. निंबूरची माणसं चावडीवर गर्जतात, पण माईक दिसला की गप्प होतात. आणि मी? मी तर माईक नसतानाही गप्प असतो. दुसऱ्याचं लिहिलेलं मात्र मी न अडखळता वाचतो. लहानपणापासून तसंच आहे. त्यामुळे निवृत्तीनंतरही हे काम माझ्याकडेच राहिलं होतं.

"मोजून शंभर काढा," प्रज्ञा म्हणाली. "आणि हे काय, तुम्ही बाजूला कोणती काढताय?"

"ही जरा मळलीत."

ती मळलेली नव्हती. ती इंदुमतीच्या अक्षरातली होती. 'र'चा पाय जरा लांब ओढायची सवय, आणि शिरोरेघ शब्दाच्या शेवटी किंचित वर गेलेली. इंदुमती आवळे तीन वर्षं वाचनालयात माझी मदतनीस होती आणि त्या तीन वर्षांत तिने चार हजारांवर कार्डं लिहिली. पुस्तकाचं पान कुणी कोपऱ्यात दुमडलेलं दिसलं की अंगठ्याच्या नखाने ती घडी हलके हलके सरळ करत बसायची. मी समोर बसून देवघेवीची नोंदवही लिहायचो आणि ते बघायचो. तीन वर्षांत याहून जास्त काही मी केलं नाही, बोललोही नाही.

तिची कार्डं मी माझ्या पिशवीत टाकली.

त्या तीन मुलांपैकी दिगंबर हा तिचा धाकटा भाऊ.

"नाना, त्या ताई येणारेत आज म्हणे," प्रज्ञा म्हणाली. "दिगंबर आवळेंच्या बहीण. फिल्मवाल्यांचा फोन होता. इचलकरंजीहून एकट्याच येतायत. तुम्ही ओळखता ना त्यांना?"

"ओळखायचो."

"मग पुढच्या रांगेत बसवा त्यांना."

मी मान हलवली. तिला बावीस वर्षांत मी पाहिलं नव्हतं. पण मला तिला एक वाक्य सांगायचं होतं. ते वाक्य इतक्या वेळा मनात म्हटलं होतं की ते मी आधीच सांगून टाकलंय असं कधी कधी वाटायचं. आज तरी ते तोंडातून निघेल का, एवढाच माझ्यापुढे प्रश्न होता, आणि स्वतःला ओळखत असल्यामुळे मला फार आशा नव्हती.

पाच वाजता सभागृह भरलं. ती दिसली नाही. पुढच्या रांगेतली खुर्ची मी पिशवी ठेवून धरून ठेवली होती. शेवटी दिवे घालवायची वेळ झाली तेव्हा बाजीराव तात्या काठी टेकत आले आणि माझी पिशवी माझ्याच मांडीवर ठेवून तिथे बसले. वखार जळाली तेव्हा तात्यांची तिच्यासमोर पानपट्टी होती.

"कुणासाठी धरली होती ओ नाना? बाईमाणूस येणार होतं काय?" ते मोठ्याने म्हणाले. मागची रांग हसली. मीही हसलो. माझे कान मात्र तापले.

माहितीपट एक तासाचा होता. वखारीची जागा दाखवली, आता तिथे मंगल कार्यालय आहे. लोक एकमेकांना कोपराने ढोसून "त्यो बघ आपला चौक", "ती बघ आमची म्हस" असं करत होते. मग पडद्यावर दिगंबर आला. चाळिशीचा, केस पुढून गेलेले, छापखान्यातल्या यंत्रापाशी उभा. खाली बघून बोलत होता.

"आत वाचायला काही नव्हतं. मग वाचलेलं आठवत बसायचो. धरलं त्याच्या आधी एक पुस्तक नेलं होतं. समुद्रप्रवासाचं. जहाज बर्फात अडकलेलं, तिथपर्यंत वाचून झालं होतं. नानांनी स्वतः स्टुलावर चढून वरच्या फळीवरनं काढून दिलं होतं. सोमवारी."

"मग पुढे काय झालं जहाजाचं?" कॅमेऱ्यामागून बाईचा आवाज आला.

"माहीत नाही."

"सुटल्यावर वाचलं नाहीत?"

"नाही वाचावंसं वाटलं."

तात्यांनी माझ्या गुडघ्यावर चापट मारली. "तुमचं नाव घेतलं बघा!"

पुढे पडद्यावर आमची नोंदवही आली. न्यायालयाच्या कागदांत लावलेली, पिवळी पडलेली पानं. माझं अक्षर. ११ डिसेंबर १९८९, सोमवार. त्या दिवसाच्या नोंदी, खाली वाचनालयाचे अध्यक्ष रावसाहेब यांची सही आणि सहीखाली लाल रेघ. दिगंबरचं नाव त्या पानावर नव्हतं. ते पुढच्या पानावर होतं, १२ तारखेला, पहिलंच. निवेदक सांगत होता की वखार सोमवारी संध्याकाळी साडेसातच्या सुमारास पेटली. दिगंबर म्हणत होता, तेव्हा तो वाचनालयात होता. तिघं एकत्र होते असं पोलिसांचं म्हणणं असल्यामुळे तो एकटा जरी वाचनालयात होता असं ठरलं असतं, तरी सगळा खटला कोसळला असता. पण वही वेगळं सांगत होती. पुढे उच्च न्यायालयाने त्यांना सोडलं ते आग लावताना पाहिलं म्हणणाऱ्या साक्षीदाराच्या बोलण्यात मेळ नव्हता म्हणून. संशयाचा फायदा देऊन.

मग ती आली, पडद्यावर. खिडकीपाशी बसलेली, केस पांढरे, चष्मा. आवाज तोच.

"वाचनालयातल्या सरांवर माझा राग नाही," ती म्हणाली. "ते खोटं बोलले नाहीत. त्यांना जेवढं विचारलं तेवढं त्यांनी सांगितलं."

"तुम्ही न्यायालयात काही सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं. परत परत काय सांगायचं? बहीण म्हणजे म्हणणारच, असं तेव्हा म्हणाले."

एवढंच. दृश्य बदललं.

दिवे लागले तेव्हा मी मागे वळून पाहिलं. शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीत, राखाडी शाल पांघरून ती बसली होती. काळोखात कधीतरी आली असावी. मी अर्धवट उठलो. मधे चहाचा ट्रे आला, त्यामागे कार्डं वाटणारी मुलं आली, आणि मी परत बसलो.

चहा पिता पिता लोक बोलत होते.

"मला तवाच ठावं हुतं, पोरं निर्दोष हायत म्हणून," तात्या म्हणाले. "वखारीत आधीच धूर निगत हुता. दुपारपासनं. म्या दुकानातनं बघत हुतो."

"मग बोलला का न्हाई तात्या?" मागून कुणीतरी विचारलं.

"मला कुणी इचारलंच न्हाई!"

मोठा हशा पिकला. तात्याही हसले.

"पण काय हो," मुख्याध्यापक कदम म्हणाले, "दिगंबरचं तेवढं पटत नाही. बाकी दोघांचं सोडा. हा सोमवारी इथे होता म्हणतो आणि नोंद मंगळवारची. फिल्मवाल्यांनीही तो मुद्दा तसाच सोडलाय."

"नानांच्या वहीत चूक?" तात्यांनी काठी आपटली. "त्या वहीवर गावानं घड्याळं लावावीत! अन् बहीण सुदीक म्हणतीया, नाना खोटं बोललं न्हाईत म्हणून. काय ओ नाना?"

मी बशीत सांडलेला चहा बघत होतो.

नानांची वही. माझ्याबद्दल गावात कौतुकाचं एवढं एकच होतं, आणि मलाही दुसरं काही सापडलेलं नव्हतं.

साडेसहाला मी व्यासपीठावर चढलो. प्रज्ञाने कार्डांचा गठ्ठा हातात दिला. मी वाचू लागलो.

"'आवाज नीट येत नव्हता.'"

"'फार रडू आले. माझा मुलगा सतरा वर्षांचाच आहे.'"

"'आपल्या गावाची विनाकारण बदनामी केली आहे. चांगल्या गोष्टी दाखवाव्यात. उदा. नवीन पाण्याची टाकी.'"

हशा.

"'त्या पोलिसांना दहा वर्षे आत टाका म्हणजे कळेल.'"

टाळ्या.

"'चहात साखर कमी.'"

"'आवळेचा मुलगा शाळेत माझ्या बाकावर होता. तो सुटून आल्यावर एकदा स्टँडवर दिसला, तेव्हा मी तोंड फिरवले. का फिरवले माहीत नाही.'"

मी पुढचं कार्ड घेतलं.

'र'चा पाय लांब ओढलेला होता. शिरोरेघ शेवटी किंचित वर गेली होती.

इतका वेळ मी कार्डं न बघताच वाचत होतो असं म्हटलं तरी चालेल. हे मी आधी मनात वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं. लोक थांबले होते. चष्मा पुसायचं निमित्त केलं.

"वाचा की नाना," तात्या म्हणाले. "शिव्या दिल्यात काय कुणी?"

मी वाचलं. "'संध्याकाळी अध्यक्षांची सही झाल्यानंतर जे पुस्तक दिले जाई, त्याची नोंद कोणत्या तारखेला होत असे? वाचनालयातल्या माणसाने सांगावे.'"

"ह्यो कसला प्रश्न?" तात्या म्हणाले.

तो प्रश्न मला न्यायालयात कुणी विचारला नव्हता. सरकारी वकिलांनी विचारलं होतं, अकरा तारखेला आरोपीची नोंद आहे का? नाही, मी म्हणालो. बारा तारखेला? आहे. पुस्तकाची नोंद कधी करावी असा तुमचा नियम आहे? ज्या दिवशी पुस्तक दिलं त्याच दिवशी, मी म्हणालो. नियम तसाच होता. मग मी साक्षीच्या पिंजऱ्यात तसाच थांबलो. आता मुलांचे वकील उठतील आणि विचारतील, नियम कळला, पण तुम्ही प्रत्यक्षात काय करता? ते वकील नवखे होते. ते उठले आणि म्हणाले, प्रश्न नाहीत.

दुसऱ्या दिवशी इंदुमती वाचनालयात आली होती.

"तुम्ही रेघेचं सांगितलं नाहीत, सर."

"विचारलं नाही त्यांनी."

"परत बोलावलं तर सांगाल?"

"बोलावलं तर सांगेन."

"स्वतःहून जाऊन नाही सांगणार?"

मी रावसाहेबांचं काहीतरी बोललो. सरकारी अनुदानाचं बोललो, तपासनीस येईल म्हणालो. शेवटी असंही म्हणालो की तो सोमवार होता की मंगळवार हे मला आता नक्की आठवत नाही. हे शेवटचं खोटं होतं. मी स्टुलावर चढलो होतो, स्टूल डुगडुगलं होतं, आणि दिगंबरने ते दोन्ही हातांनी धरलं होतं, हे मला तेव्हाही आठवत होतं आणि आजही आठवतं.

वाचनालयाची किल्ली तिने टेबलावर ठेवली, नोंदवहीच्या बाजूला, आवाज न करता. पुढे तिने न्यायालयात रेघेचं सांगितलं. त्यावर सरकारी वकील म्हणाले, तसं असतं तर ग्रंथपालांनीच सांगितलं नसतं का?

सभागृहात माझ्या हातात ते कार्ड होतं. मी बोलायला तोंड उघडलं आणि नेहमीसारखं झालं. समोर शंभर चेहरे. मी खाली पाहिलं. गठ्ठ्यातलं पुढचं कार्ड कोरं होतं, कुणीतरी काहीच न लिहिता पेटीत टाकलेलं. मी ते उचललं, डोळ्यांसमोर धरलं आणि वाचायला सुरुवात केली.

"'अध्यक्ष रावसाहेब रोज सात वाजता सही करायला येत. सहीखाली काही लिहिलेलं त्यांना चालत नसे. म्हणून सही झाली की लाल रेघ मारली जाई. त्यानंतर वाचनालय आठपर्यंत उघडं असे. त्या तासात दिलेलं पुस्तक दुसऱ्या दिवसाच्या पानावर, दुसऱ्या दिवसाची तारीख घालून लिहिलं जाई. हे नियमाविरुद्ध होतं, पण अकरा वर्षं असंच चाललं होतं.'"

माझा आवाज स्वच्छ येत होता. मी कार्ड जरा वर धरलं.

"'अकरा डिसेंबरला, सोमवारी, सात वाजून पंचवीस मिनिटांनी दिगंबर आवळे याने समुद्रप्रवासाचं पुस्तक घेतलं. वाचनालयात दुसरं कुणी नव्हतं. तो पावणेआठपर्यंत इथे बसून वाचत होता. नोंद बारा तारखेच्या पानावर केली, कारण रेघ मारून झाली होती. दिगंबर खरं बोलत होता. त्याची बहीण न्यायालयात खरं बोलली. ग्रंथपालाने नियम सांगितला आणि तो गप्प राहिला.'"

मी कार्ड खाली घेतलं.

"कुणी लिहिलंय हे?" मुख्याध्यापक कदमांनी विचारलं. आमच्या पद्धतीत हा प्रश्न विचारायचा नसतो.

प्रज्ञा व्यासपीठावर आली आणि तिने माझ्या हातातलं कार्ड घेतलं. उलटं केलं. त्यावर कुठल्यातरी पुस्तकाचा क्रमांक होता. पुन्हा सुलटं केलं.

"नाना," ती हळूच म्हणाली, "हे तर कोरं आहे."

"हो," मी म्हणालो.

माईक चालू होता. सगळ्यांना ऐकू गेलं.

तात्या बोलले. ओरडून नाही, अगदी खालच्या आवाजात. "मग नाना, तुमी तवा बोलला का न्हाई?"

त्यांनी स्वतः दिलेलं उत्तर माझ्याकडेही होतं. त्यावर लोक मघाशीच हसून झाले होते.

मी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. दाराजवळची खुर्ची रिकामी होती. पायऱ्या उतरून मी माणसांतून वाट काढत दारापाशी गेलो. कुणी मला अडवलं नाही, कुणी वाटही करून दिली नाही. बाहेर रस्त्यावर रविवारच्या बाजारातून परतणारी माणसं होती. राखाडी शाल दिसली नाही.

प्रज्ञा मागून आली. "त्या ताई का? तुम्ही वाचत होतात तेव्हा त्या दारात उभ्या होत्या. शेवटपर्यंत ऐकलं त्यांनी. मग गेल्या. सव्वासातची गाडी होती त्यांची."

"काही म्हणाल्या?"

"वाचून झालं का, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं."

स्टँड दहा मिनिटांवर आहे. सात वाजले होते. मी गेलो असतो तर गाडी सापडली असती. मी गेलो नाही. माझ्याकडे तिला सांगायला जे एक वाक्य होतं, 'तुम्ही खरं बोलला होतात', ते मी नुकतंच शंभर माणसांसमोर वाचलं होतं. दुसरं वाक्य तयार नव्हतं. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

त्या आठवड्यात प्रज्ञाने माझं निवेदन टंकून दिलं. मी त्यावर सही केली आणि एक प्रत फिल्मवाल्यांना, एक दिगंबरला पाठवली. तात्या महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत आणि मग एकदा न विचारता माझ्या शेजारी बाकावर येऊन बसले.

त्या रविवारपासून अकराव्या दिवशी वाचनालयाच्या पत्त्यावर एक पार्सल आलं. खाकी कागद, वर दोरा. पत्ता तिच्या अक्षरात. वाचनालयाला उद्देशून, माझं नाव नाही.

आत समुद्रप्रवासाचं पुस्तक होतं.

बावीस वर्षं ते बाहेर होतं. निवृत्त होईपर्यंत दरवर्षी, न आलेल्या पुस्तकांची यादी करताना मी त्याच्यासमोर 'सभासदाकडे' असं लिहायचो. 'गहाळ' लिहून मोकळं व्हा, असं तपासनीस म्हणायचे. मी कधी लिहिलं नाही. ते पुस्तक त्या घरात होतं तोवर, कधीतरी कुणीतरी ते परत द्यायला येईल असं मला वाटायचं.

चिठ्ठी असेल म्हणून मी एकेक पान उलटून पाहिलं. दोनशे बारा पानं. चिठ्ठी नव्हती. चौऱ्याण्णवाव्या पानाचा कोपरा एकेकाळी दुमडलेला होता. तिथेच जहाज बर्फात अडकतं. घडी आता सरळ केलेली होती, नखाने, हलके हलके. फक्त रेघ उरली होती. त्यापुढची पानं कुणी वाचली होती की नाही, हे कळायला मार्ग नव्हता.

"संगणकावर जमा दाखवू?" प्रज्ञाने विचारलं.

"दाखव," मी म्हणालो.

तिने कळ दाबली. माझ्यासमोर तिच्या पडद्याची मागची बाजू होती, त्यामुळे मला काही दिसलं नाही. त्या घराकडे आता वाचनालयाचं काही राहिलं नव्हतं.

पुस्तक मी स्वतः वरच्या फळीवर ठेवलं. स्टूल डुगडुगलं. धरायला कुणी नव्हतं, म्हणून कपाटाला टेकून जरा वेळ तसाच वर उभा राहिलो.